राजाचा कुत्रा, घोटीचा पाऊस

आमच्या घराला कुत्रा नवीन नाही. गिरणीवर राखणीला कायम एक-दोन असायचे, पण ते उंबऱ्याबाहेरचे. उरलंसुरलं खायचे, तांदळाच्या कट्ट्यांवर झोपायचे आणि एखाद्या पावसाळ्यानंतर दिसेनासे व्हायचे. कुणी फार चौकशी करत नसे. चार वर्षांपूर्वी लेकीची बदली पुण्याहून परदेशात झाली आणि तिचा दीड वर्षाचा कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल गाडीच्या मागच्या सीटवर बसून घोटीला आला. "आई, सहाच महिने गं." नाव बिस्किट. सासूबाई पहिल्या दिवसापासून 'बिस्कुट' म्हणतात. तो दोन्हीला शेपूट हलवतो.

सहा महिन्यांची चार वर्षं झाली. त्यात जे पदरात पडलं ते लिहितेय. काही गोष्टी चुकून शिकले, काही डॉक्टरांकडून, आणि दोन-तीन सासूबाईंकडून.

१. जात विचारली की मुंबईची गोष्ट सांगायची.

बिस्किटला घेऊन पेठेत निघालं की तीन प्रश्न ठरलेले. "काय जात हाये ओ ताई?", "केवढ्याला पडलं?" आणि "आजून वाढंल का एवढंच राहील?" जातीचं नाव चार शब्दांचं; ते सांगेपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो. म्हणून मी सांगते, ज्या राजाला मुंबई आंदण मिळाली त्याचा हा कुत्रा. मग माणूस थांबतो.

आणि ते खरंच आहे. तो राजा म्हणजे इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. पोर्तुगालच्या कॅथरीनशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या तहात मुंबई आंदणात आली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मुंबई सोडली, कुत्री नाही सोडली. हे छोटे स्पॅनियल त्याच्या शयनगृहात झोपायचे, कुत्र्या तिथेच व्यायच्या; जॉन एव्हलिनने त्या घाणीबद्दल रोजनिशीत नाक मुरडलं आहे. दुसरा रोजनिशीवाला सॅम्युएल पेपीस, नौदलाचा कारभारी. राजा सभेत कामाकडे लक्ष द्यायचं सोडून सगळा वेळ कुत्र्याशी खेळत बसला होता, अशी तक्रार त्याने १६६७ मध्ये लिहून ठेवली. त्याच्या आदल्याच वर्षी आपले महाराज आग्र्याहून निसटून आले होते. एकाच काळातले दोन राजे, एवढंच म्हणते.

या कुत्र्यांना ब्रिटिश संसदेतसुद्धा जाऊ द्यावं असा चार्ल्सचा हुकूम आहे, असं मालक लोक हौसेने सांगतात. तसा कायदा कुठे सापडलेला नाही. आमच्याकडे तर बँकेचा शिपाई दारातच अडवतो.

२. त्याचं नाक माणसाने घडवलंय.

चार्ल्सच्या काळातल्या चित्रांत या कुत्र्याला चांगलं लांबट नाक आहे. पुढे चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची टूम आली तसं याचंही नाक आत-आत गेलं, कपाळ घुमटासारखं वर आलं. १९२६ मध्ये रॉसवेल एल्ड्रिज नावाचे एक अमेरिकन गृहस्थ चित्रातला कुत्रा शोधत इंग्लंडला गेले. कुठे मिळेना. तेव्हा त्यांनी लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात जुन्या वळणाच्या कुत्र्याला २५ पौंडांचं बक्षीस लावलं. म्हणजे आधी नाक दाबायला पैसे मोजले, मग ते परत काढायला. १९२८ मध्ये 'ॲन्स सन' नावाच्या कुत्र्याने ते बक्षीस घेतलं आणि त्याच्याच बांध्यावरून जातीचा नमुना ठरला. १९४५ मध्ये कॅव्हेलियर ही वेगळी जात म्हणून तिथल्या केनेल क्लबने मान्य केली.

गोष्ट इथे संपली असती तर गोड होती. पण जुनं नाक आणायला हाताशी मोजकीच कुत्री होती. भावकीतच सोयरिकी जुळवत गेले. नाक आलं आणि त्याच्यासोबत घरातली दुखणीही आली. त्या दुखण्यांकडे पुढे येतेच.

३. बैल ओळखणाऱ्याला कुत्राही कळतो.

घोटीचा जनावरांचा बाजार डांगी बैलांसाठी नावाजलेला. पहिल्याच वर्षी बिस्किट माझ्या हातातून सुटून थेट तिकडे घुसला. मी मागे धावतेय, तोवर एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने त्याला अलगद उचललं होतं. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. त्यांनी आधी ओठ वर करून दात पाहिले, मग पाठीवरून उलटा हात फिरवला, मग पाय दाबून पाहिले. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके बघून म्हणाले, "लाल बहाळा हाये की ह्यो!" डांगीत त्या रंगाच्या जनावराला लाल बहाळा म्हणतात. इंग्रज याच रंगाला ब्लेनहाइम म्हणतात, मार्लबरोच्या ड्यूकच्या राजवाड्यावरून. बिस्किटच्या टाळूवर तांबडा टिळाही आहे. १७०४ च्या ब्लेनहाइमच्या लढाईची खबर येईपर्यंत ड्यूकची बायको जीव मुठीत धरून मांडीवरच्या कुत्रीच्या डोक्यावर अंगठा दाबत बसली होती आणि तोच ठसा तिच्या पिल्लांच्या डोक्यावर उमटला, अशी दंतकथा आहे. मी ती त्या व्यापारी बाबांना सांगितली नाही. त्यांनी विचारलं, "पावसाला टिकंल का?"

हा प्रश्न मला लेकीने, पुण्याच्या दुकानदाराने, कुणीच विचारला नव्हता. डांगीच्या कातडीला तेलकट पाझर असतो, अंगावरून पाणी निथळून जातं. खूर काळे, टणक, चिखलात सडत नाहीत. शेकडो वर्षांच्या पावसाने ती जात निवडली. बिस्किटला निवडलं ते मांडीने. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि याच्या कानापासून पायापर्यंत रेशमाच्या झालरी. बाबांनी त्याला माझ्या हातात देताना कान चिमटीत धरून दाखवला. "हिकडं ध्यान ठिवा. हिकडं पाणी मुरंल."

४. आणि तिथेच मुरलं.

पहिल्या आषाढात तो सारखा डोकं झाडायला लागला. मला वाटलं, खेळतोय. आठ दिवसांनी कानाला आंबूस वास यायला लागला, दह्याचं भांडं राहून जावं तसा. लोंबता कान म्हणजे झाकण घातलेला डबा. आत ओल, ऊब आणि केस. बुरशीला आणखी काय हवं? डॉक्टरांनी सांगितलं, पाऊस असो-नसो, दर दोन दिवसांनी कान उलटून वास घ्यायचा. डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. कानकोरणं किंवा काडी आत घालायची नाही. औषधाचे थेंब टाकून बाहेरून मालिश करायची, त्याला झाडू द्यायचं आणि वर आलेला मळ तेवढा पुसायचा.

श्रावणात घोटीत टॉवेल वाळत नाहीत. यावर तोड सासूबाईंनी काढली. त्यांची जुनी सुती लुगडी फाडून हात-हात लांबीचे तुकडे केले. पाणी शोषतात आणि चुलीमागच्या दोरीवर तासाभरात सुकतात. जेवताना कान ताटलीत बुडू नयेत म्हणून जुन्या पायमोज्याचा पंजा कापून तो डोक्यावरून चढवते. कानटोपी घातलेलं ते ध्यान बघायला गिरणीवरचे हमाल मुद्दाम आत डोकावतात. पायाच्या गाद्यांमधले केस बोथट कात्रीने कापते, नाहीतर चिखलाच्या गोळ्या बसून बोटं सोलवटतात. गोचीड रोज हाताने चाचपते, गुरांच्या गावात त्याला इलाज नाही. भाताच्या खाचरातलं पाणी पिऊ देत नाही. उंदीर मुततात, आणि लेप्टो कुत्र्यालाही होतो, माणसालाही. त्याची लस रेबीजच्या लशीसोबत दरवर्षी, न चुकता.

राणी व्हिक्टोरियाकडे डॅश नावाचा असाच स्पॅनियल होता. १८३८ मध्ये राज्याभिषेक उरकून वाड्यावर परतल्यावर तिने त्याला आंघोळ घातली. हे वाचल्यापासून मला माझ्या कामाची लाज वाटेनाशी झाली.

५. नाशिक जिल्ह्याची शान त्याला विष.

कांदा आणि द्राक्षं, दोन्ही. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात; कच्चा, शिजलेला, परतलेला, सगळा सारखाच. द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नाही. आता आमच्याकडे कांद्याचं वाटण नसलेली भाजी सणावारी होते, आणि सीझनला पाहुणे येतात ते द्राक्षांची पेटी घेऊन. एकदा पाहुण्यांच्या लहानग्याने प्रेमाने त्याला तीन मणी भरवले. लगेच फोन, लगेच गाडी, नाशिकला नेऊन उलटी करवली. पाहुणे अजून म्हणतात, "तीन द्राक्षांसाठी?" हो, तीन द्राक्षांसाठी.

६. वजन डोळ्यांनी करायचं नाही.

या जातीचं वजन साधारण साडेपाच ते आठ किलो असावं. हे कुत्रं पोटभर जेवूनही असं बघतं की चार दिवस उपाशी आहे. सासूबाई रात्री भाकरी दुधात कुस्करून द्यायच्या, वर तुपाची धार. मला दिसायचं, पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं? शेवटी गिरणीवरच्या मापाड्याने त्याला भाताच्या पाटीत बसवून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. पाटी वजा जाता नऊ किलो सातशे ग्रॅम. "मालकीणबाई, कट्टा भरला तुमचा," तो म्हणाला. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. काट्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. गिरणीच्या घरात काट्याला मान आहे. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचं वजन होतं आणि ते तांदळाच्याच वहीत लिहिलं जातं. सध्या सात किलो नऊशे.

७. मानेला पट्टा नको.

छातीवरून येणारा पट्टा घ्यावा. या जातीत कित्येकदा कवटी मेंदूला अपुरी पडते, मग मणक्यातल्या मज्जारज्जूत पाण्याचे कप्पे होतात आणि मान दुखते. असा कुत्रा चालता-चालता मानेजवळ हवेतच पाय मारत राहतो, खाजवल्यासारखा, पण पाय अंगाला लागत नाही. तसं दिसलं तर त्याला गंमत समजून व्हिडिओ काढत बसू नये. बिस्किटला अजून तरी हे नाही.

८. छाती मोजायला शिकावं.

हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

कॅव्हेलियरच्या हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, मायट्रल म्हणतात ती, लवकर झिजते. पाच वर्षांचे होईतो निम्म्यांच्या छातीत मर्मर ऐकू येते, दहाव्या वर्षापर्यंत जवळपास सगळ्यांच्या. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं, हृदय फुगत जातं आणि शेवटी फुप्फुसात पाणी साठतं. बिस्किट साडेचार वर्षांचा असताना लशीच्या वेळी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. मी तेव्हाच समजले. मुंबईला नेऊन इको केला. हृदय जरासं वाढलेलं होतं. पिमोबेन्डानच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. फुगलेल्या हृदयाच्या कुत्र्यांत या गोळीने पुढचं संकट सरासरी सव्वा वर्ष लांबतं असं २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. डॉक्टर म्हणाले, "गोळी माझी, मोजणी तुमची."

मोजणी अशी. कुत्रा गाढ झोपलेला हवा. स्वप्नात पाय हलवतोय तेव्हा नको, धावून आल्यावर नको. बरगडी वर गेली आणि खाली आली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. ३० च्या आत असेल तर झोपा. सलग तिशीच्या वर जायला लागला की फोन.

गेल्या श्रावणातली रात्र. वीज गेलेली, पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारचं बोलणं ऐकू येईना. मी बॅटरी उशाशी ठेवून, यजमानांचं काट्याचं घड्याळ हातात घेऊन त्याच्याजवळ बसले. एकोणीस. दुप्पट केले तर अडतीस. चुकले असेन म्हणून पुन्हा मोजलं. वीस. तिसऱ्यांदा सासूबाईंनी मोजलं, त्या डोळे मिटून हात ठेवून मोजतात. त्याही म्हणाल्या वीस. दुसरं काहीच दिसत नव्हतं. तो खोकला नव्हता, जेवला होता, संध्याकाळी चप्पल पळवली होती. रात्री एक वाजता महामार्गाने नाशिक गाठलं. वायपर चालूनही पुढचं दिसत नव्हतं. एक्स-रेमध्ये फुप्फुसात पाणी साठायला नुकती सुरुवात झालेली. इंजेक्शन, ऑक्सिजन, आणि आता गोळ्यांत लघवी होण्याच्या गोळीची भर. धाप लागेपर्यंत थांबला असतात तर गोष्ट वेगळी होती, असं डॉक्टर म्हणाले.

वहीतल्या तांदळाच्या पानांमागे आता रोज एक आकडा असतो. पापड, लोणच्याचा खार, फरसाण, सगळं बंद. मिठाने पाणी धरतं.

९. दिवेलागणीनंतर अंगणातसुद्धा एकटा सोडायचा नाही.

शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. गिरणीवरचे कुत्रे पावसाळ्यानंतर कुठे जायचे, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

१०. हा कुत्रा राखण करत नाही.

चोर आला तर त्याच्याही मांडीवर बसेल. त्याचं काम वेगळं आहे, आणि ते सासूबाईंनी ओळखलं. पावसात त्यांचे गुडघे धरतात. पूर्वी विटेचा शेक घ्यायच्या. एका दुपारी आम्ही सगळे आवणीला गेलो होतो, परत येऊन बघते तर सोवळ्या-ओवळ्याचं एवढं बघणाऱ्या सासूबाई पोथी वाचतायत आणि बिस्किट दोन्ही गुडघ्यांवर आडवा. मला बघून म्हणाल्या, "वीट गार पडते गं, हे पडत नाही." सोळाव्या शतकात जॉन कायस नावाच्या इंग्रज वैद्याने कुत्र्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात हेच आहे. बायका या छोट्या स्पॅनियलना पोटाशी धरून दुखण्यावर शेक घेतात, असं तो लिहितो. तेव्हा या कुत्र्याला 'कंफर्टर' असंही म्हणायचे. सासूबाईंना कायस ठाऊक नाही. शोध मात्र तोच.

यातलीच दुसरी बाजू: हा एकटा राहू शकत नाही. आवणीच्या दिवसांत घर रिकामं राहिलं तर दाराला नाक लावून बसतो आणि पाणीसुद्धा पीत नाही. दिवसभर कुलूप असणाऱ्या घराने याच्या वाटेला जाऊ नये.

११. घ्यायचाच असेल तर कागद मागा.

लेकीने बिस्किट घेतला तो फोटो बघून. विकणाऱ्याने तो पंचेचाळीस दिवसांचा असतानाच आईपासून तोडून दिला. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. आई-बापांचा इको काढलाय का, हे विचारायचं असतं हेही नाही. वंशावळीचा सोनेरी शिक्क्याचा कागद मिळाला होता. त्यावर आजा-पणजांची नावं आहेत, हृदयाबद्दल एक ओळ नाही.

नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निकाल दिला की या जातीची आताच्या पद्धतीने पैदास करणं त्यांच्या प्राणी कल्याण कायद्यात बसत नाही. कुत्रा पाळण्यावर बंदी नाही, अशा जिवाला जन्माला घालण्यावर आहे. मी ही बातमी वाचली तेव्हा बिस्किट माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता. मला निकाल पटला.

म्हणून पिल्लू बघायला जाल तेव्हा आधी त्याची आई बघा आणि तिच्या छातीचा ताजा अहवाल मागा. बाप पाच वर्षांच्या पुढचा आणि तरी मर्मर नसलेला असेल तर उत्तम. "आमच्याकडे असलं काही नसतं," असं म्हणणाऱ्याकडून उठून या.

बिस्किटची पिल्लं मिळतील का, म्हणून इगतपुरीहून, सिन्नरहून निरोप येतात. बाजारातले ते बाबाही परवा भेटले, विचारत होते, "जोडी लावायची का?" त्याची नसबंदी झालेली आहे. मर्मर ऐकली त्याच महिन्यात करून घेतली.